पाखरांस कळते, आम्हांस कळत नाही

शास्त्रपाठ : यिर्मया ८:७, लूक १९:४१-४४



फाल्गुन सरू लागला म्हणजे आपल्या खटाव-माणात व खानापूर-आटपाडीकडे पाण्याची गोष्ट सर्वांच्या तोंडी येते. विहिरीस किती हात पाणी उरले, तलावाचा काठ किती मागे हटला, गुरांची तहान वैशाखापर्यंत भागेल की नाही, हेच बोलणे पारावर चालते, आणि उपासना सुटल्यावर मंदिराच्या पायरीवरही तेच चालते. त्याच दिवसांत आपल्या डोक्यावरून आणखी एक वार्ता जात असते. परंतु मान वर करून ती घेणारे थोडे. अंगणात निजणाऱ्यांस मध्यरात्री कधी कधी फार उंचावरून पाखरांचा नाद ऐकू येतो. हिवाळाभर आपल्या तलावांवर राहिलेले पाहुणे उत्तरेस, आपल्या जन्मभूमीकडे, निघालेले असतात.

या पाखरांविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे; कारण यिर्मया संदेष्ट्याने अशाच पाखरांस साक्षीदार करून देवाच्या लोकांपुढे उभे केले आहे. त्याच्या बोलण्याचा भाव असा की, आकाशातील करकोच्यास आपला ऋतू समजतो, दुसरी प्रवासी पाखरेही आपल्या येण्याजाण्याची वेळ पाळतात. पण ज्या लोकांस नियमशास्त्र दिले, मंदिर दिले, संदेष्टे दिले, त्यांस मात्र परमेश्वर आपणांस परत बोलावीत आहे हे समजत नाही.

यिर्मयाने हा दाखला डोळ्यांनी पाहून घेतला असला पाहिजे. त्याचा देश पाखरांच्या एका मोठ्या वाटेवर वसलेला आहे. आफ्रिका खंडात हिवाळा काढलेले पांढरे करकोचे वसंत ऋतूत यार्देनेच्या खोऱ्यावरून युरोपाकडे जातात. आजही त्या देशावरून दर वर्षी लक्षावधी करकोचे जातात, आणि त्यांचे थवेच्या थवे आकाशात चक्राकार फिरत वर चढताना शेतात काम करणाऱ्यासही दिसतात. इब्री भाषेत या पाखरास ‘हसीदा’ म्हणतात. दया व एकनिष्ठा यांसाठी जो शब्द आहे त्याच्याशी या नावाचे नाते आहे. तेव्हा यिर्मयाचे ऐकणारे जेव्हा जेव्हा मान वर करीत, तेव्हा तेव्हा एकनिष्ठेचे नाव धारण करणारे पाखरू वेळेवर आपल्या घरी जाताना त्यांस दिसे. आणि ते स्वतः? योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व ६२७ च्या सुमारास, यिर्मयाने बोलण्यास आरंभ केला. ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले. मध्ये चाळीस वर्षे गेली. चाळीस वसंत ऋतू ती पाखरे वेळेवर आली व वेळेवर गेली, आणि चाळीस वर्षे लोक म्हणत राहिले, अजून पुष्कळ वेळ आहे.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आमच्या शब्बाथशाळेची चौदा मुले घेऊन खटाव तालुक्यातील येरळवाडीच्या तलावावर गेलो होतो. येरळा नदी खटावच्या डोंगरांत उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते, हे आपणांस ठाऊक आहेच. पूर्वी पाखरांसाठी मायणीच्या जुन्या, ब्रिटिश अमदानीतल्या तलावाचे नाव मोठे होते. परंतु तेथे गाळ साचत गेला, पाणी टिकेनासे झाले, तेव्हा पुष्कळ पाखरे येरळवाडीकडे वळली. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मायणीच्या आसपासचे तलाव मिळून पाखरांसाठी राखीव क्षेत्र ठरविले.

आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. पाण्याच्या मध्यावर चांदवे दाटीने पोहत होते; अंगाने काळे, कपाळी पांढरा टिळा; यांसच कित्येक लोक वारकरी म्हणतात. कडेस रुंद चोचीचे थापटे पाणी चाळीत होते, भगव्या रंगाची चक्रवाकाची जोडी चिखलावर उभी होती. हळदीकुंकू बदके तर आपल्या घरचीच. ती वर्षभर येथे असतात. परंतु मुलांचे डोळे खिळले ते पलीकडच्या काठावरच्या राखी हंसांवर. पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे पट्टे, म्हणून त्यांस पट्टकादंब म्हणतात. आम्ही मोजू लागलो. शंभराच्या पुढे गणती चुकली. पाच-सहांचे घोळके उठत, तलावावर एक फेरा घालीत, एकमेकांस साद देत आणि पुनः उतरत. बसणे त्यांच्याने होत नव्हते.

आमच्यातील नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, “पाळकबाबा, पाणी आहे, शेतात हरभरा आहे, मग ही जातात कशाला?”

आम्हांस लागलेच उत्तर सुचले नाही. जवळच जाळे झाडीत एक म्हातारबाबा बसले होते. ते म्हणाले, “दिस लांबला म्हंजे ह्यांचं मन लागत न्हाई, बाळ. पानी असू दे न्हाईतर नसू दे.”

त्या अशिक्षित वृद्धाने विद्वानांस फार उशिरा सापडलेली गोष्ट सांगितली होती. कॅनडा देशात आल्बर्टा प्रांतात विल्यम रोवन नावाचे प्राध्यापक होते. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी कडक हिवाळ्यात लहान पाखरे उघड्यावरील पिंजऱ्यांत ठेविली आणि संध्याकाळनंतर त्यांजवर विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा वाढविला. बाहेर बर्फ पडत होते, थंडी तीच होती, दाणा तोच होता. तरी दिवस वाढताच पाखरांच्या शरीरात वसंत ऋतूचे पालट दिसू लागले. प्रकाश वाढला एवढी खूण त्यांस पुरली. आपल्या सातारा-सांगलीकडे मार्गशीर्षाच्या शेवटी दिवस अकरा तासांच्या आसपास असतो आणि चैत्रात बारा तासांहून अधिक होतो. एवढासा फरक आपण जेमतेम लक्षात घेतो. पण त्यावरून ही पाखरे अंगात चरबीचा साठा करू लागतात आणि ठरल्या ऋतूत निघून जातात. यांतून तीन गोष्टी आपण शिकाव्या.

पहिली गोष्ट ही की, पाखरू दुष्काळ पडण्याची वाट पाहत नाही. तलावात पाणी असता, शेतात दाणा असता ते उठते. तलाव कोरडा पडल्यावर जर ते निघावयाचे ठरवील तर त्याच्या अंगात वाटेपुरते बळ कोठून राहील? आपली रीत मात्र उलट आहे. प्रकाश वाढला म्हणून देवाकडे वळणारे थोडे. पाणी आटले म्हणून वळणारे पुष्कळ. खाटेवर पडल्यावर बायबल उघडले जाते, वकिलाचा खर्च डोईजड झाल्यावर भावाशी समेट आठवतो. उधळ्या पुत्रास उपासमार झाली तेव्हा बापाचे घर आठवले, आणि बापाने त्यासही पोटाशी धरले, याबद्दल देवाची स्तुती असो. परंतु बाप त्याची वाट पाहत होता ती दुष्काळ पडल्या दिवसापासून नव्हे. ज्या दिवशी तो उंबरठ्याबाहेर गेला त्याच दिवसापासून पाहत असावा. मधली वर्षे कोणाची गेली? मुलाचीही गेली आणि बापाचीही गेली.

दुसरी गोष्ट ही की, पाखरू सोयीच्या वाऱ्यासाठी थांबत नाही. हे पट्टकादंब हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलिया अशा उंच प्रदेशांतील सरोवरांवर अंडी घालावयास जातात. अलीकडे विद्वानांनी त्यांच्या अंगास लहान यंत्रे बांधून उपग्रहांच्या साहाय्याने त्यांचा माग ठेविला. दिवसा उन्हाने तापलेला वारा डोंगराच्या अंगाने वर वाहतो. त्याच्या पाठीवर बसून हंस वर जात असतील असे पुष्कळांस वाटत होते. परंतु आढळले ते निराळेच. हे हंस बहुधा रात्री व पहाटे, तो साह्याचा वारा नसता, आपल्या पंखांच्या बळाने चढतात. कारण त्या वेळी हवा थंड व दाट असते, वादळाचे भयही कमी असते. एक हंस ७,२९० मीटर उंचीपर्यंत गेल्याची नोंद झाली आहे. माणसास जेथे चार पावले चालताना धाप लागते तेथे हे पाखरू अंधारात पंख मारीत जाते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात फेलिक्स नावाचा सुभेदार आहे. पौलाचे बोलणे ऐकून तो भ्याला, त्याचे मन हलले. पण त्याने पौलास परत पाठविले आणि सवड झाली म्हणजे बोलावीन असे सांगितले. पुढे तो पौलास पुष्कळदा बोलावीत असे, पण पैशाच्या आशेने. ज्या सवडीविषयी तो बोलला ती आल्याचे शास्त्रात कोठे लिहिले नाही. आपल्यातही फेलिक्साचे नातलग पुष्कळ आहेत. सुगी होऊ द्या, मुलीचे लग्न होऊ द्या, दाव्याचा निकाल लागू द्या, मग दारू सोडीन, मग देणे फेडीन, मग प्रभुभोजनास बसेन. वारा अनुकूल होईल आणि आपणांस उचलून पलीकडे नेईल, अशी आशा करून आपण काठावर बसतो. प्रियहो, कित्येक डोंगर वाऱ्याच्या मदतीवाचूनच चढावे लागतात.

तिसरी गोष्ट अधिक कठीण आहे. ती ही की, वेळ टळली तर ती टळली. उत्तरेकडच्या त्या उंच प्रदेशांत उन्हाळा थोडका असतो. बर्फ वितळल्यावर पाखरांनी तेथे पोहोचावे, अंडी उबवावी, पिले वाढवावी, आणि पुनः थंडी पडण्याआधी त्या पिलांस घेऊन दक्षिणेची वाट धरावी. पिले ती वाट आईबापांच्या संगतीने शिकतात. जो हंस फार उशिरा पोहोचेल त्यास सरोवर सापडेल, गवतही सापडेल, पण पिले वाढविण्यास लागणारे दिवस सापडणार नाहीत.

या गोष्टीचा अनुभव आम्हांस या वर्षी दोनदा आला, आणि दोन्ही वेळा दोष आमचाच होता.

आपणांस ठाऊक आहे की दिवाळी झाली म्हणजे बीड व अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. कऱ्हाड, वाळवे, पलूस या बाजूस फडाच्या कडेला त्यांच्या खोपी उभ्या राहतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको दोघेही पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन निघतात, आणि मुले खोपीशी धाकट्या भावंडांस सांभाळीत बसतात. पाखरांप्रमाणे तेही आपल्याकडे हिवाळ्याचे पाहुणे. डिसेंबरात आमच्या मंडळीच्या वडिलांनी ठराव केला की त्या मुलांसाठी संध्याकाळी दोन तास शिकवणी चालवावी. ठराव सर्वानुमते पसार झाला. मग नाताळ आला, मग वार्षिक सभा आली, मग पाट्या-पुस्तकांसाठी वर्गणी गोळा व्हावयाची राहिली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाट्या घेऊन गेलो तेव्हा फड संपला होता. खोपींच्या जागी तीन दगडांच्या चुली व राख तेवढी होती. एका चुलीशी चिंध्यांची बाहुली पडलेली होती. ती आम्ही उचलून घरी आणली. पुढच्या दिवाळीस टोळ्या येतील, पण त्या मुलांतील कोणते मूल येईल हे कोण सांगणार? आणि जे येईल ते एका वर्षाने मोठे होऊन, कदाचित हाती कोयता घेऊनच येईल.

दुसरी गोष्ट आमच्या घरची आहे. ती लिहिण्यास लाज वाटते; परंतु जो पाळक मंडळीस पश्चात्ताप सांगतो त्याने आपला झाकून ठेवू नये.

आमचे थोरले बंधू इचलकरंजीस यंत्रमागावर कामास होते. वडिलांच्या मागे दीड एकर जमीन व विहिरीतला निम्मा हिस्सा राहिला. मुलीच्या लग्नासाठी दादास आपली वाटणी विकावयाची होती. आम्ही सहीस हात आखडला, आणि आईच्या स्मरणार्थ भरलेल्या प्रार्थनेत, चारचौघांदेखत, त्यास टोचून बोललो. तो त्याच संध्याकाळी निघून गेला. त्याने कर्ज काढून लग्न केले. सहा वर्षे आम्ही बोललो नाही. या सहा वर्षांत प्रत्येक प्रभुभोजनाच्या आधी आम्ही आपणांस मत्तयाच्या पाचव्या अध्यायाची आठवण दिली, की भावाचे मन आपल्याविरुद्ध आहे असे आठवले तर अर्पण वेदीजवळच ठेवून आधी त्याच्याकडे जावे. आणि प्रत्येक वेळी स्वतःशी म्हटले, पुढच्या ईस्टरला जाऊ. खिशात मोबाइल होता, नंबर ठाऊक होता; पण दहा आकडे दाबण्याचे आमच्याने झाले नाही.

येरळवाडीहून परतताना त्या मुलीचा प्रश्न आमचा पिच्छा सोडीना. पाणी आहे, दाणा आहे, मग जातात कशाला? त्यांस वेळ कळते म्हणून जातात. आणि आम्ही कशासाठी थांबलो आहो? पाट्या घेऊन राखेपर्यंत गेलो त्याच आठवड्यात आम्ही एस.टी.ने इचलकरंजी गाठली. वाटेत काय बोलावयाचे ते मनात जुळवून ठेविले होते. शब्द नम्र होते, हलक्या आवाजात बोलावयाचे होते.

दादाने दार उघडले. केस सगळे पांढरे झाले होते. आम्ही पाया पडलो आणि म्हणालो, “दादा, माझं चुकलं.” त्याने कानाशी हात नेला. म्हणाला, “मोठ्यानं बोल. ऐकू येत न्हाई.”

पंचवीस वर्षांच्या मागाच्या खडखडाटाने त्याचे कान गेले होते, आणि आम्हांस त्याचा पत्ताही नव्हता. आम्ही पुनः म्हणालो. त्यास लागले नाही. तिसऱ्या वेळेस आम्ही ओरडून म्हणालो, आणि नळावर पाणी भरणाऱ्या बायका थांबून आमच्याकडे पाहू लागल्या. चारचौघांत टोचून बोललो होतो. देवाने क्षमाही चारचौघांतच मागावयास लाविली. शब्द त्याच्या कानी गेले की आमचे तोंड पाहून त्यास उमगले, हे सांगता येत नाही. त्याने आमचा हात धरून आत नेले, खाटेवर बसविले आणि पुष्कळ वेळाने म्हणाला, “पैल्या ईस्टरला वाटलं, येशील. मग वाटलं, फुडल्या सालाला. तवा कान हुते रं.”

प्रियहो, क्षमा मिळाली. दादा आता आमच्याशी बोलतो. आम्ही पाटीवर लिहून त्यास उत्तर देतो. त्या ऊसतोडीच्या मुलांसाठी आणलेल्या पाट्यांतलीच एक पाटी आहे. देवाची दया उशिरा आलेल्यासही दार उघडते, याविषयी शंका नको. परंतु सहा वर्षांचे बोलणे जे व्हावयाचे होते ते आता होणार नाही. पापाची क्षमा होते. गेलेला ऋतू परत मिळत नाही. म्हणून उशीर ही लहान गोष्ट समजू नका.

झावळ्यांच्या रविवारी आपण मुलांकडून जयजयकार करवितो. त्या दिवशी आपला प्रभू नगराजवळ आला आणि ते पाहून रडला. का रडला? देव आपल्या भेटीस आला आहे ही घडी त्या नगरास ओळखता आली नाही म्हणून. यिर्मयाचे दुःख आणि येशूचे अश्रू एकच आहेत. पाखरू ऋतू ओळखते, आणि ज्यांस देवाने आपल्या प्रतिरूपाचे केले ते ओळखीत नाहीत. तरीही तो प्रभू नगराकडे पाठ फिरवून गेला नाही. तो आत शिरला; आणि जी घडी आपण ओळखली नाही ती त्याने आपल्यासाठी वधस्तंभावर भरून काढिली. म्हणून आजही परत येण्याची वाट मोकळी आहे. परंतु ती आज मोकळी आहे. उद्याचे वचन शास्त्राने कोणास दिलेले नाही.

हे आपल्या हाती पडेल तेव्हा येरळवाडीचे पट्टकादंब निघून गेले असतील. तलावाच्या कडेला चिखलावर त्यांच्या पावलांचे ठसे तेवढे दिसतील, आणि उन्हाने तेही भेगाळतील. कार्तिकानंतर ते पुनः येतील. त्यांचा त्यांच्या निर्माणकर्त्याशी करार आहे असेच म्हणावे लागेल. त्या वेळी आपल्यापैकी कोण येथे असेल, कोणाचे कान असतील, कोणाचे डोळे असतील, हे आपल्या हाती नाही. आपल्या हाती हा आठवडा आहे. प्रत्येकास ठाऊक आहे की आपणांस कोणाकडे जावयाचे आहे; कोणास भावाकडे, कोणास सुनेकडे, कोणास ज्याचे पैसे राहिले त्याच्याकडे, आणि आपणां सर्वांस आपल्या स्वर्गीय पित्याकडे. विहिरीत पाणी आहे तोवर, अंगात बळ आहे तोवर, ऐकणाऱ्याचे कान आहेत तोवर उठा आणि जा.

ज्याने पाखरांस त्यांची वेळ ओळखण्याचे ज्ञान दिले तो देव आपणांस आपली वेळ ओळखण्याची कृपा देवो. आमेन.